सुरतेतलं एक थडगं, डांगातला एक आंबा आणि माझी ऑर्किडची वही



गेल्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकवाला आलेल्या कुणीतरी गच्चीवरच्या ऑर्किडचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. त्यावर दोन-तीन जणांनी विचारलं, "काका, हे बँकवाल्याला कुठून सुचलं?" आणि एका भगिनींनी लिहिलं, "भेस्तानच्या धुरात ही फुलं येतात कशी?" उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण या छंदाचा इतिहास आपल्या सुरतेतून जातो हे फार थोड्यांना माहीत आहे. म्हणून सविस्तर लिहितो. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी माझ्याबद्दल. आम्ही मूळ धुळ्याचे. १९७२ साली बी.कॉम. झालो, पुढच्या वर्षी बँकेत लागलो. १९८४ साली बदली होऊन सुरतेला आलो आणि इथलेच झालो. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध शाळेतल्या जास्वंदीच्या उभ्या छेदापुरता. त्यामुळे कुठे शास्त्रीय चूक आढळली तर जाणकारांनी सांगावं.

सुरतेला पाहुणे आले की आपण त्यांना काय दाखवतो? किल्ला, डुमस, आणि इतिहासाची आवड असेल तर कतारगाम दरवाज्याकडची इंग्रजांची जुनी दफनभूमी. तिथे सर जॉर्ज ऑक्झेंडनची कबर आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा हा प्रमुख. मराठी माणूस तिथे थांबतो, फोटो काढतो आणि परत फिरतो. मीही पाच-सहा वेळा तेच केलं. त्याच भागात डच आणि आर्मेनियन लोकांची दफनभूमी आहे, तिकडे कुणी फारसं फिरकत नाही. तिथे दुहेरी घुमटाची, खाली-वर खांबांच्या ओसऱ्या असलेली एक भलीमोठी इमारत दिसते. प्रथम पाहिली तेव्हा मला ती कुण्या नवाबाची वाटली होती. ती आहे हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड या डच, म्हणजे आपल्या जुन्या कागदपत्रांतल्या वलंदेज, अधिकाऱ्याची. डिसेंबर १६९१ मध्ये कोचीनहून सुरतेला येताना मुंबईजवळ समुद्रात तो वारला आणि सुरतेत त्याला पुरलं.

हा माणूस त्याआधी मलबारचा डच गव्हर्नर होता. तिथे त्याने एक प्रचंड काम करून घेतलं. 'होर्टुस मलाबारिकुस' म्हणजे मलबारची बाग या नावाचा ग्रंथ. एकूण १२ खंड, आम्स्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापले गेले, सातशेहून जास्त वनस्पती, प्रत्येकीचं मोठं चित्र. शेवटचा खंड निघाला तेव्हा ऱ्हीडला जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. त्या १२ व्या खंडात झाडांवर वाढणाऱ्या ऑर्किडची चित्रं आहेत. आपल्या देशातल्या ऑर्किडची इतकी तपशीलवार चित्रं त्याआधी छापली गेल्याचं मला कुठे सापडलेलं नाही. गंमत म्हणजे तिथे त्यांची नावं मल्याळी आहेत. सगळ्यांच्या शेवटी 'मरवर' हा शब्द येतो आणि आधी बहुधा ते ज्या झाडावर वाढतं त्या झाडाचं नाव, म्हणजे आंब्यावरचं, सागावरचं, रानफणसावरचं.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. ही माहिती ऱ्हीडला कुणी दिली? इट्टी अच्युदन नावाच्या केरळी वैद्यांनी, आणि त्यांच्याबरोबर रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी. पोर्तुगीजांच्या काळात गोव्याहून कोचीनला जाऊन वसलेल्या समाजातली ही माणसं. १६७५ साली, म्हणजे रायगडावरच्या राज्याभिषेकानंतर दुसऱ्याच वर्षी, या तिघांनी आपण हे काम केल्याची लेखी ग्वाही दिली. कोकणी भाषेत, नागरी लिपीत. ऱ्हीडने ती पहिल्या खंडात जशीच्या तशी छापली. युरोपात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या नागरी मजकुरांपैकी हा एक. पुढे कालिकतचे प्राध्यापक के. एस. मणिलाल यांनी आयुष्याचा मोठा भाग घालवून या लॅटिन ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं. ते २००३ साली केरळ विद्यापीठाने छापलं.

मला यातलं काय आवडलं सांगू? मुलूख सोडून परप्रांतात वसलेल्या तीन माणसांची नावं साडेतीनशे वर्षं टिकली, कारण एका साहेबाने ज्याचं काम त्याच्या नावावर जमा केलं. बँकेत आम्ही पस्तीस-अडतीस वर्षं दुसरं काय केलं? ज्याचं त्याच्या खात्यात. पण वहीतल्या नावाची किंमत मला ऑर्किडने शिकवली, बँकेने नव्हे. ते पुढे येईलच.

१७५३ साली लिनियसने वनस्पतींना आजची दोन शब्दांची नावं दिली, तेव्हा आपल्याकडच्या काही ऑर्किडची ओळख त्याने ऱ्हीडच्या याच चित्रांवरून करून घेतली. त्यातलंच एक म्हणजे आपण जिला 'सीतेची वेणी' म्हणतो ती. कोकणात, घाटात पावसाळ्याच्या तोंडाला आंब्या-फणसावरून गुलाबी-पांढरा गजरा लोंबताना तुम्ही पाहिला असेल. आसामात तिला कोपौ फूल म्हणतात, बिहूला नाचणाऱ्या मुली ती अंबाड्यात माळतात. मराठीत ऑर्किडला 'आमरी' असा शब्द आहे, पण सुरतेत कुणाला आमरी म्हटलं तर कळणार नाही, म्हणून ऑर्किडच म्हणतो.

एक गैरसमज इथेच दूर करतो. ऑर्किड म्हणजे बांडगूळ नव्हे. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घुसवून त्याचा रस पितं. ऑर्किड फांदीवर नुसतं बसतं. पावसाचं पाणी, हवेतला ओलावा, सालीवर साचलेला पालापाचोळा यावर जगतं. भाडेकरू आहे, पण घरमालकाच्या स्वयंपाकघरात जात नाही.

ही गफलत नावातही उतरली आहे. संस्कृतात 'वन्दा' म्हणजे झाडावर वाढणारी वनस्पती. आपला 'बांदा' त्यातलाच. कलकत्त्याचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स संस्कृत शिकले होते. त्यांनी बंगालमधल्या एका ऑर्किडचं वर्णन या नावाने केलं आणि १८२० साली 'व्हांडा' हे एका अख्ख्या कुळाचं शास्त्रीय नाव झालं. आज थायलंडहून येणाऱ्या महागड्या निळ्या-जांभळ्या व्हांडा फुलांचं नाव मुळात आपलंच आहे. आमच्या घरात मात्र या शब्दाचा वेगळा उपयोग होतो. मी गच्चीवरून लवकर खाली आलो नाही की ही खालून ओरडते, "झाले का तुमच्या व्हांडाचे वांदे मिटवून?"

आमच्या मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरही साहेबांनी बरंच काम केलं. डाल्झेल आणि गिब्सन यांची 'बॉम्बे फ्लोरा' १८६१ ची. थिओडोर कुक यांचे मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचे खंड १९०१ ते १९०८ चे. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे फादर सांतापाव आणि झेड. जे. कपाडिया यांनी १९६६ साली फक्त ऑर्किडवर 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' हे पुस्तक काढलं. फादर सांतापाव जन्माने स्पॅनिश, पण आयुष्य इथे घालवलं. सह्याद्री पायी तुडवला. पुढे भारत सरकारच्या वनस्पती सर्वेक्षणाचे ते प्रमुख झाले. हे पुस्तक मी एका प्राध्यापक मित्राकडून वाचायला आणलं आणि पुढची सहा वर्षं परत केलं नाही, ही कबुलीही इथेच देतो.

आता डांगकडे वळतो. माझी पहिली ऑर्किड तिथली.

१९८९ ते ९१ मी डांगमधल्या एका शाखेत होतो. सुरतेतल्या बँकवाल्यांना डांगची बदली म्हणजे शिक्षा वाटायची. मला मात्र तिथली भाषा अर्धी आपली वाटली आणि मी रमलो. साग, बांबू, मोह आणि शेताच्या बांधावर जुने आंबे. वैशाख-ज्येष्ठात त्या आंब्यांवर पट्ट्यांसारख्या जाड पानांतून फुलांचे तुरे येत. फूल रुपयाच्या जुन्या मोठ्या नाण्याहून थोडं मोठं, पिवळट-हिरव्यावर तपकिरी रेघांच्या चौकटी आणि मधला ओठ निळा-जांभळा. शास्त्रीय नाव व्हांडा टेसेलाटा. टेसेलाटा म्हणजे चौकटी-चौकटींची. काही ठिकाणी वैद्य याचीच मुळं रास्ना म्हणून वापरतात. पण खरी गोष्ट त्याचा वास. सकाळी ऊन चढलं की दहा पावलांवर येतो.

मला मोह झाला. आठवडी बाजाराच्या रस्त्यावर एकाने फांदीवरून ओरबाडून आणलेल्या सात-आठ जुड्या विकायला ठेवल्या होत्या. मी सगळ्या घेतल्या. सुरतेला नेऊन काळ्या मातीत, शेणखत घालून कुंडीत लावल्या. रोज पाणी. वर्षाच्या आत एकूण एक कुजून मेली. झाडावर राहिल्या असत्या तर मी मेल्यावरही फुलल्या असत्या. आज सांगायला लाज वाटते, पण हा छंद करणाऱ्या बहुतेकांची सुरुवात अशीच झालेली असते. म्हणून नव्या लोकांना पहिलं सांगतो: जंगलातून उपटलेलं झाड घेऊ नका. तो गुन्हा आहे, आणि ते झाड बहुधा जगतही नाही.

आमच्या शाखेत पीक कर्जासाठी एक वयस्क शेतकरी यायचे. त्यांना मी ही रड सांगितली. ते हसले. म्हणाले, मुळांना माती घातली तर ती गुदमरणारच, त्यांना वारा लागतो. पुढे १९९० च्या पावसाळ्यात वादळाने त्यांच्या अंगणातल्या आंब्याची एक फांदी पडली. तीवर व्हांडाचं एक झुडूप होतं. त्यांनी फांदीचा तो तुकडाच कुऱ्हाडीने तोडून शाखेत आणून दिला. म्हणाले, पडलेलं न्यावं, लागलेलं काढू नये. तो तुकडा मी तसाच अडाजणच्या घराच्या गच्चीवर पाइपला टांगला. ते झाड आजही माझ्याकडे आहे.

जे पाप मी सात-आठ जुड्यांचं केलं, ते युरोपने जहाजं भरभरून केलं होतं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या श्रीमंतांना ऑर्किडचं वेड लागलं. १८५० साली जोसेफ हुकर खासी टेकड्यांत गेले. तिथून क्यू बागेसाठी त्यांनी निळ्या व्हांडाची सात माणसांची ओझी भरली. त्यातली फारच थोडी झाडं जिवंत इंग्लंडला पोचली. दुसऱ्या कुणी पाठवलेलं एकच ओझं, तेही खराब अवस्थेत पोचलं, आणि तरी ३०० पौंडांना विकलं गेलं, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. कोलंबियात तर अल्बर्ट मिलिकन नावाच्या संग्राहकाने दहा हजार ऑर्किडसाठी सुमारे चार हजार झाडं तोडल्याची नोंद त्याच्या १८९१ च्या पुस्तकात आहे. आपल्याकडे निळा व्हांडा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली पुढे संरक्षित करावा लागला.

यावर उतारा निघाला तो संकराचा. इंग्लंडात एक्सेटरला व्हीच कंपनीची रोपवाटिका होती. तिथल्या जॉन डॉमिनी नावाच्या मुकादमाला जॉन हॅरिस या गावातल्या डॉक्टरने सुचवलं की एका जातीचे पराग दुसरीला लावून बघ. डॉमिनीने दोन कॅलँथे जातींचा संकर केला आणि १८५६ साली त्याला फूल आलं. माणसाने केलेल्या ऑर्किड संकराचं हे पहिलं फूल. म्हणजे आपल्याकडच्या सत्तावन्नच्या आदल्या वर्षी. पुढे सँडर नावाच्या व्यापाऱ्याने १९०६ साली तोवरच्या संकरांची यादी छापली. १९६१ पासून ते काम लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी करते. आज त्या नोंदवहीत एक लाखाहून जास्त संकर आहेत. प्रत्येकापुढे आई कोण, बाप कोण, नोंद कुणी केली, कधी केली. आई-बापाच्या नावावरून आणखी मागे गेलं की शेवटी मूळ जंगली जाती सापडतात. गुलाबाची किंवा आंब्याची इतकी पूर्ण वंशावळ मिळत नाही. मला या छंदात पकडलं ते फुलांनी नव्हे, या वहीने.

या वहीतलं माझं आवडतं नाव एका बाईचं आहे. ॲग्नेस जोकिम, सिंगापूरच्या आर्मेनियन कुटुंबातली थोरली मुलगी, जन्म १८५४. सुरतेच्या त्या दफनभूमीत डचांशेजारी आर्मेनियन व्यापारी पुरले आहेत ना, त्याच समाजातली. शिक्षण-नोकरी बागेची नव्हे. घरची बाग, तोच छंद. तिच्या बागेतला व्हांडाचा एक संकर १८९३ साली सिंगापूर बोटॅनिक गार्डनचे संचालक रिडली यांनी जगापुढे आणला आणि नाव ठेवलं 'व्हांडा मिस जोकिम'. १८९९ साली, तिच्या मृत्यूच्या थोडंच आधी, तिथल्या पुष्पप्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं. १९८१ साली ते सिंगापूरचं राष्ट्रीय फूल झालं. आता बघा. रिडलींनी लिहून ठेवलं होतं की तिने पराग लावून हे केलं. तरी पुढे कित्येक वर्षं काही तज्ज्ञ म्हणत राहिले की छे, कुठल्याशा माशीने केलेला संकर तिला बागेत आयता सापडला असणार. शेवटी २०१६ साली सिंगापूर सरकारच्या संस्थांनी तिचं श्रेय मान्य केलं. सव्वाशे वर्षं लागली. आणि मान्य झालं ते बऱ्याच अंशी लेखी नोंद होती म्हणून.

आता मी केलं काय ते. ऑर्किडचे पराग इतर फुलांसारखे भुकटी नसतात. मेणासारख्या बारीक पिवळ्या गोळ्या असतात. व्हांडात दोन, डेंड्रोबियमला चार. टूथपिकने त्या उचलायच्या आणि दुसऱ्या फुलाच्या मधल्या दांड्याच्या खाली जो चिकट खळगा असतो त्यात लावायच्या. एवढं सोपं. दोन-तीन दिवसांत फूल मिटतं आणि मागचा देठ फुगू लागतो. डेंड्रोबियमची शेंग चार-सहा महिन्यांत तयार होते. व्हांडाला वर्ष लागू शकतं.

अडचण पुढे असते. एका शेंगेत हजारो, कधी लाखो बिया असतात, पण त्या धुळीसारख्या. बीमध्ये शिदोरीच नसते. जंगलात एका विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ती रुजते. हे १८९९ साली नोएल बर्नार या फ्रेंच तरुणाने शोधलं. त्यानंतर १९२२ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या लुईस नडसन यांनी दाखवलं की बुरशी नको, अगारमध्ये साखर आणि क्षार घालून दिले तरी बी रुजतं. तिथून हा छंद राजेरजवाड्यांच्या काचघरातून साध्या घरात आला.

आमच्या साध्या घरात तो १९९७ साली आला. काचेच्या बाटल्यांत अगार ओतून प्रेशर कुकरमध्ये वीस मिनिटं. हिने त्या कुकरमध्ये पुन्हा वरण लावायला साफ नकार दिला, नवा आणावा लागला. माशांच्या जुन्या टाकीला पुढे प्लास्टिक लावून, आतून ब्लिचिंगच्या पाण्याने पुसून, हात आत घालून बिया पेरायच्या. पहिल्या बावीस बाटल्यांपैकी एकोणीस बुरशीने भरल्या. उरलेल्या तिनांत दोन महिन्यांनी हिरवी कणी दिसली. मुलीच्या दहावीच्या निकालाला मी इतका नाचलो नव्हतो, असं तीच अजून ऐकवते.

२००६ पर्यंत माझे चौदा संकर झाले होते. प्रत्येक कुंडीला पट्टी, पट्टीवर फक्त क्रमांक, आणि क्रमांकापुढची सगळी हकीकत एका जाड वहीत. आई, बाप, पराग लावल्याची तारीख, शेंग, पेरणी, पहिलं फूल. बँकेची सवय.

ऑगस्ट २००६ चा तापीचा पूर तुम्हाला सांगायला नको. राखीच्या सुमाराचे ते दिवस. अडाजणला आमचा तळमजला पूर्ण पाण्याखाली. आम्ही दोघं तीन रात्री शेजाऱ्यांसह गच्चीवर. डोक्यावर टांगलेली ऑर्किडं मात्र मजेत होती, पावसात भिजत होती. डांगचा तो तुकडाही. पाणी उतरल्यावर खाली गेलो. कपाटातली वही चिखलाचा गोळा झाली होती. सुकवायला गेलो तर पानंच्या पानं गळून आली.

पाण्यात लोकांची घरं गेली, माणसं गेली, त्यापुढे एका वहीचं काय? हे मी स्वतःला समजावलं. पण मनात सलत राहिलं. झाडं जिवंत, पट्ट्यांवर क्रमांकही शाबूत. क्रमांक सात, क्रमांक अकरा. खाते क्रमांक आहेत, खातेवही नाही. आठवणीने तिघांचे आई-बाप खात्रीने लिहू शकलो. अकरा तशीच राहिली. फुलतात, सुंदर दिसतात, पण कोण हे सांगता येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना 'दुसरी प्रत ठेवा' म्हणणाऱ्या माणसाने स्वतःच्या वहीची दुसरी प्रत ठेवली नव्हती. यात दोष ना पुराचा ना कुणाचा, माझा.

२००८ साली आम्ही भेस्तानला रो-हाउस घेतलं. आता त्या भगिनींच्या प्रश्नाचं उत्तर. पांडेसऱ्याकडून काजळी येते, तंतूही उडतात, खरं आहे. त्यासाठी दर आठवड्याला पानं पुसावी लागतात. बोअरचं पाणी जड, ते ऑर्किडला चालत नाही. म्हणून गच्चीवर पावसाच्या पाण्याची तीन पिंपं आहेत. वर निम्मी सावली देणारी हिरवी जाळी. कुंडीत माती नाही. विटेचे तुकडे, लोणारी कोळसा आणि नारळाचं सोडण. बाकी सुरतेची दमट, उबदार हवा व्हांडा-डेंड्रोबियमला मानवते. काश्मीरवाल्याने हेवा करावा अशी.

२०१२ च्या उन्हाळ्यात डांगच्या झाडाला तुरा आला तेव्हा त्याला मी एका निळ्या थाई व्हांडाचे पराग लावले. या जातीचा असा उपयोग नवा नाही. सिंगापूरचा 'व्हांडा मिमी पामर' हा सुवासासाठी गाजलेला संकर १९६३ साली नोंदला गेला, त्याचा एक पालक हीच टेसेलाटा. म्हणजे आपल्या आंब्यावरचा वास तिकडे कधीच पोचला होता. माझी शेंग अकरा महिन्यांनी पिकली. बाटल्यांतून नऊ रोपं वाचली. पहिलं फूल एप्रिल २०२० मध्ये आलं, ऐन लॉकडाउनमध्ये. दाखवायला कुणी नाही. आम्ही दोघांनीच पाहिलं. तपकिरी चौकटी आईच्या, त्याखाली बापाची निळी झाक, आणि वास पूर्ण आईचा. हिने नाक लावलं आणि म्हणाली, "ह्याचं नाव काय ठेवणार?"

नाव ठेवता येत नाही. निळा व्हांडा मी एका प्रदर्शनात घेतला होता, त्यावर पट्टी नव्हती. तेव्हा रंगाला भुललो, विचारलं नाही. लंडनच्या वहीत नोंद करायची तर दोन्ही पालकांची खात्री लागते. पुराने एकदा शिकवलं होतं तरी पुन्हा तीच चूक. माझ्या नव्या वहीत त्यापुढे असं लिहिलंय: आई, व्हांडा टेसेलाटा, डांग, १९९०, वादळाने पडलेली आंब्याची फांदी. त्यापुढे ती देणाऱ्या गृहस्थांचं पूर्ण नाव आणि गाव. बाप, माहीत नाही.

२०२२ साली मी त्या गावी गेलो. ते गृहस्थ दहा वर्षांपूर्वीच वारले होते. मुलगा भेटला, त्याला वडिलांच्या बँकवाल्या साहेबाची अंधुक आठवण होती. अंगणातला आंबा उभा होता, पण त्यावर आता एकही व्हांडा नव्हता. कुणीतरी काढून नेले, म्हणाला. संकराचं रोप मी तिथे नेलं नव्हतं आणि नेऊही नये. माणसाने केलेली जात जंगलात सोडली तर मूळ जातीत भेसळ होते. मी नेलं होतं ते आईच्याच बुडाशी फुटलेलं पिल्लू, चांगलं हातभर मुळांचं. आम्ही दोघांनी ते सुतळीने त्याच आंब्याला, पूर्वेच्या बाजूला बांधलं. बत्तीस वर्षांनी मुद्दल परत केलं. व्याज माझ्या गच्चीवर आहे. मुलाने गेल्या वर्षी मे महिन्यात फोटो पाठवला, एक तुरा, सात फुलं.

आता माझं वय चौऱ्याहत्तर. मुलगी पुण्यात फ्लॅटमध्ये, तिच्या बाल्कनीत जेमतेम पाच कुंड्या मावतात. तिने वहीची एक प्रत मात्र घेतली आहे, दुसरी माझ्या प्राध्यापक मित्राच्या घरी आहे. नऊपैकी दोन रोपं मी ठेवतोय. सात आपल्या ग्रुपमधल्या कुटुंबांना द्यायची आहेत. सुरत-नवसारीत राहणाऱ्यांना प्राधान्य, कारण हवा तीच. पैसे नकोत. सकाळचं ऊन येणारी जागा असावी आणि पावसाचं पाणी साठवण्याची तयारी असावी. ज्यांना हवं त्यांनी खाली लिहा. रविवारी सकाळी घरी या, बांधायचं कसं ते दाखवीन आणि चहाही होईल.

अट एकच. प्रत्येक रोपाला ॲल्युमिनियमची पट्टी आहे, तीवर ठोकून अक्षरं काढली आहेत. ती काढायची नाही. पुढे कुणाला पिल्लू दिलंत तर नवी पट्टी करून तीच अक्षरं त्यावर उतरवायची. डांगच्या त्या गृहस्थांचं नावही त्यावर आहे. त्यांच्या मुलाला विचारूनच घातलंय.

ता. क. 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' मी परत केलं आहे.